नंबर लागला का?

नवी गाडी आत्ता घ्यावी की थोडं थांबावं, हा प्रश्न सध्या आमच्या नात्यातल्या निदान तीन घरांत चघळला जातोय. त्यातलं एक घर आमचंच. थांबा म्हणणाऱ्यांकडे मुद्द्यांची कमी नसते. डिसेंबरात सूट मिळते. जानेवारीत घेतली तर कागदावर साल नवं लागतं. विजेच्या गाड्या अजून स्वस्त होणार आहेत. अमक्या मॉडेलचा नवा अवतार येतोय. पितृपक्ष आहे. दसरा जवळ आलाय. आत्ताच घे म्हणणाऱ्यांकडे मात्र एकच मुद्दा असतो, "घ्यायचीच आहे ना? मग घेऊन टाक की!"

या वादात माझी आणखी एक फुंकर घालण्याआधी एक गंमत सांगावीशी वाटते. हा प्रश्न आपल्याला पडतो, हीच गोष्ट आपल्याकडे फार जुनी नाही. माझ्या वडिलांच्या पिढीला तो पडलाच नव्हता. 'थांबावं का' असं त्यांना कुणी विचारत नव्हतं. सरळ थांबवून ठेवत होते. त्या काळी गाडी किंवा स्कूटर नोंदवलेला माणूस रस्त्यात भेटला की लोक तब्येत विचारावी तसं विचारायचे, "काय, नंबर लागला का?" तर आज जरा या थांबण्याचाच इतिहास बघू. कदाचित त्यातून आमच्या घरच्या प्रश्नाचं उत्तरही सापडेल.

आधी प्रश्नाचं जन्मगाव. ते अमेरिकेत आहे. हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ साली बाजारात आली आणि १९२७ पर्यंत चालली. एवढ्या काळात त्याने जवळजवळ दीड कोटी गाड्या विकल्या, पण मूळ गाडी फारशी बदलली नाही. बदलली ती किंमत. सुरुवातीला ८५० डॉलरला मिळणारी गाडी पुढे ३०० डॉलरच्याही खाली आली. म्हणजे फोर्डच्या गिऱ्हाइकाने थांबून मिळवायचं काय, तर चार पैशांची बचत. दोन वर्षांनी घेतली तरी गाडी तीच.

यात पाचर मारली ती जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने. विसाच्या दशकात त्याने दरवर्षी गाडीचं रूप थोडंथोडं बदलायला सुरुवात केली. यंत्र बहुतेक तेच, पण रंग नवा, बॉनेट वेगळं, दिवे वेगळे. हप्त्याने गाडी देणारी स्वतःची कंपनी तर जनरल मोटर्सने १९१९ सालीच काढली होती. झालं! 'गेल्या वर्षीची गाडी' नावाची एक नवीच चीज जन्माला आली. दारातली गाडी व्यवस्थित चालत असली तरी ती जुनी वाटायला लागली. आणि घेणाऱ्याच्या मनात किडा शिरला, पुढच्या वर्षी याहून चांगली येणार असेल तर?

त्या किड्याची ताकद फोर्डलाच पुरेपूर दिसली. मे १९२७ मध्ये त्याने 'मॉडेल टी' बंद केली. नवी 'मॉडेल ए' लोकांसमोर आली ती २ डिसेंबर १९२७ ला. मधले सहा महिने कारखाने नव्या गाडीसाठी बदलत होते आणि असंख्य गिऱ्हाइकं गाडी न घेता नुसती बसून होती. काय येतंय ते बघू आणि मग घेऊ, असं म्हणून. थोडक्यात काय, आज आमच्या घरी जे चाललंय ते अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलंय.

तीच जनरल मोटर्स तेव्हा मुंबईतही होती बरं का. शिवडीला १९२८ साली त्यांनी कारखाना काढला होता. सुटे भाग बोटीने यायचे आणि इथे गाडी जोडली जायची. फोर्डही भारतात होती. म्हणजे ज्याच्या खिशात पैसे आहेत (असे लोक मूठभरच, हे खरं) त्याला गाडी दुकानात जाऊन घेता येत असे. नंबर वगैरे भानगड नव्हती.

मग आपल्या लोकांनी गाड्या करायला घेतल्या. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स १९४२ ची. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही धंद्यांत हात घालणारा हा माणूस. त्याच्याबद्दल कधीतरी वेगळं लिहायला हवं. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरवलं की नुसती जोडणी नको, भाग इथेच बनवा. १९५३ च्या टॅरिफ कमिशनने त्यावर शिक्कामोर्तब केलं. फोर्ड आणि जनरल मोटर्स गाशा गुंडाळून गेल्या. उरल्या मुख्यतः तीन कंपन्या. बंगालात उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड.

हेतू वाईट नव्हता, हे आवर्जून सांगायला हवं. परकीय चलनाची चणचण होती, पोलाद कमी होतं, आणि बसगाड्या-ट्रक सोडून मोटारींवर ते का खर्चावं, हा प्रश्न रास्तच होता. पण त्यातून जी व्यवस्था तयार झाली तिने ग्राहकाला पार रांगेत उभं केलं. कारखान्याने वर्षाला किती गाड्या काढायच्या ते परवान्यात लिहिलेलं. जास्त काढायच्या तर पुन्हा दिल्लीचे उंबरे. सत्तरच्या दशकात साऱ्या देशात मिळून वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास मोटारी तयार व्हायच्या. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात आपल्याकडे बेचाळीस लाखांच्या घरात विकल्या गेल्या. म्हणजे शंभरपट!

कमी गाड्या आणि जास्त गिऱ्हाइकं म्हटल्यावर भाव वाढणार. ते वाढू नयेत म्हणून सरकारने भावावरही लगाम ठेवला. १९६९ मध्ये तर रीतसर हुकूमच काढला आणि कंपन्या त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेल्या. कारखान्याचा भाव बांधलेला, पण माणसाची निकड कोण बांधणार? मग नवी गाडी मिळालेला माणूस ती छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेऊन दुसऱ्याला विकू लागला. मुंबईत याला 'ऑन' म्हणायचे. 'फियाटला ऑन किती चाललाय?' हा गप्पांचा विषय असे. आता हे जरा थांबून बघा. आज शोरूमच्या दारातून गाडी बाहेर पडली की तिची किंमत घसरते. तेव्हा दारातून बाहेर पडली की चढायची! नव्यापेक्षा जुनी महाग. अर्थशास्त्राला शीर्षासन घालायला लावणारा काळ होता तो.

दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक. एवढं थांबून मिळायचं काय? तर तीच गाडी. ॲम्बॅसडर १९५७ च्या सुमारास आली ती २०१४ पर्यंत बनत राहिली. मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. कुर्ल्याची फियाट १९६४ साली आली, सत्तरच्या दशकात तिचं नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं, आणि विसावं शतक संपेपर्यंत तिचा चेहरा कायम राहिला. मुंबईची काळीपिवळी म्हणून तिने जे प्रेम मिळवलं ते मिळवलंच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली, तेव्हा लोकांचे डोळे ओलावले. पण घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर सरळ हिशेब आहे. थांबून गाडी सुधारत नव्हती आणि स्वस्तही होत नव्हती. फक्त उशिरा येत होती. फोर्डच्या गिऱ्हाइकाला निदान पैसे तरी वाचत होते.

त्या काळातली एक फियाट मात्र माझ्या फार लक्षात राहिली आहे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांच्या घरच्यांनी गाडीचा आग्रह धरला. किंमत होती बारा हजार रुपये आणि शास्त्रीजींकडे होते सात हजार. उरलेले पाच हजार त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज काढून भरले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला ते गेले तेव्हा कर्ज फिटलेलं नव्हतं. ललिताबाईंनी ते पुढे फेडलं. देशाच्या पंतप्रधानालाही गाडी घ्यायची तर कर्ज काढावं लागावं, असा तो काळ.

दुचाकीची रांग तर मोटारीपेक्षाही लांब. मध्यमवर्गाची मोटार म्हणजे स्कूटर. आकुर्डीच्या बजाजची चेतक १९७२ साली आली आणि तिच्यासाठी दहा-दहा वर्षं थांबलेली माणसं तुमच्याही घरात असतील. परदेशातल्या नातेवाइकाने डॉलर पाठवले तर नंबर लवकर लागे. त्यामुळे अमेरिकेतला भाऊ एकदम सगळ्यांचा लाडका व्हायचा. लग्नाच्या बैठकीत नवऱ्या मुलाकडून स्कूटर मागितली जायची ती नुसती किमतीसाठी नव्हे. पैसे असूनही न मिळणारी वस्तू होती ती.

आमच्या बाबांनीही पोस्टात अनामत ठेवून स्कूटर नोंदवली होती. तेव्हा आजोबा होते. पायाने जरा अधू झालेले, पण हौस दांडगी. स्कूटर आली की मागे बसून मंडईत जायचं, पर्वतीच्या पायथ्याशी जाऊन बसायचं, असे त्यांचे बेत चालायचे म्हणे. कंपनीचं कार्ड येईपर्यंत आठ वर्षं गेली. मी पहिलीत होतो. स्कूटर दारात आली, हार घातला, आईने ओवाळलं. आजोबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. बाबांनी त्या स्कूटरवर आम्हा चौघांना पुढे पंधरा वर्षं फिरवलं, तिला जिवापाड जपलं. पण मागच्या सीटचा विषय निघाला की ते एकदम गप्प व्हायचे. त्यांनी कधी कुणाला दोष दिला नाही. द्यायचा तरी कुणाला? सगळेच रांगेत होते.

असो.

या रांगेला पहिला धक्का बसला १९८३ साली. मारुतीची कथा सगळ्यांना माहीत आहे म्हणून धावतीच सांगतो. संजय गांधींची मूळ कंपनी बुडाली, १९८१ मध्ये सरकारने नवी मारुती उद्योग काढली, १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला. १९८३ च्या उन्हाळ्यात दहा हजार रुपये भरून नोंदणी सुरू झाली आणि लाखाच्या वर लोकांनी पैसे भरले, तेही गाडी डोळ्यांनी न पाहता! १४ डिसेंबर १९८३ ला पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हातून हरपाल सिंग यांना मिळाली. किंमत पन्नास हजारांच्या आतबाहेर. हरपाल सिंगांनी ती गाडी २०१० साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत ठेवली. दर तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्या आपल्या मित्रमंडळींनी याची नोंद घ्यावी.

पण बघा, मारुतीनेही रांग संपवली नाही. सुरुवातीची काही वर्षं तिच्यासाठीही नंबर होते आणि तिच्यावरही 'ऑन' होता. फरक एवढाच की रांग पुढे सरकताना डोळ्यांना दिसायची. शिवाय १९८६ साली मारुती ८०० चा नवा आकार आला. ज्यांचा नंबर उशिरा लागला त्यांना जास्त चांगली गाडी मिळाली. स्वतंत्र भारतात थांबण्याचा फायदा व्हावा, असं कदाचित पहिल्यांदाच घडलं असेल!

पुढे १९९१ चं नवं औद्योगिक धोरण आलं, १९९३ मध्ये मोटारींचा परवाना गेला आणि परदेशी कंपन्या एकामागून एक आल्या. रांगेची सवय मात्र अंगात मुरलेली होती. १९९६ च्या सुमारास कुर्ल्याच्याच कारखान्यातून फियाट 'उनो' निघणार म्हटल्यावर अडीच लाखांहून जास्त लोकांनी नोंदणी केली. परवानाराज संपला होता, पण मनातलं 'आत्ता नाव घातलं नाही तर दहा वर्षं गेली' हे भय संपलं नव्हतं. नंतर कारखान्यात कामगारांचा तंटा उभा राहिला, गाड्या वेळेवर निघेनात, आणि बऱ्याच जणांनी पैसे परत घेऊन सरळ दुसरी गाडी घेतली. माझ्या मते रांगेचा खरा अंत तिथे झाला. गिऱ्हाईक पहिल्यांदाच रांग सोडून चालू पडलं. कारण आता शेजारी दुसरं दुकान होतं.

डिसेंबर १९९८ मध्ये टाटांची इंडिका आली, आपल्या पिंपरीची. आठवड्याभरात लाखाच्या वर नोंदणी. आणि काय झालं? पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारींचा पाऊस पडला. टाटांनी दुरुस्त्या केल्या, मेहनत घेतली आणि २००१ मध्ये 'इंडिका व्ही-टू' आणली. ती इतकी चालली की पुढे वर्षानुवर्षं भाड्याच्या गाडीला लोक इंडिकाच म्हणायचे. ज्यांनी दोन वर्षं दम धरला ते सुखी झाले. इथे आपल्या इतिहासात थांबण्याचा एक नवा अर्थ आला. नवीन मॉडेलची पहिली घाणी दुसऱ्यांना घेऊ द्यावी, आपण दुसरी घ्यावी. आणि हा अर्थ कुणी लादलेला नव्हता. तो गिऱ्हाइकाने स्वतः शोधलेला होता.

नॅनोने हा धडा आणखी पक्का केला. जानेवारी २००८ मध्ये लाखाची गाडी म्हणून जगभर गाजावाजा, सिंगूरचं रणकंदन, मार्च २००९ मध्ये बाजारात, एप्रिलमध्ये नोंदणी. दोन लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरले, त्यातल्या एक लाखांची सोडत निघाली. वर्तमानपत्रं वाचून वाटत होतं की ऐंशीचं दशक परत आलं. आणि नोव्हेंबर २०१० मध्ये साऱ्या देशात नॅनो विकल्या गेल्या पाचशे नऊ! लाखोंची रांग दीड वर्षात विरून गेली. लांब रांग हा वस्तू चांगली असल्याचा पुरावा नसतो, हे आपण तेव्हा शिकायला हवं होतं. पण २०२१ मध्ये चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० ची पहिली पंचवीस हजार नोंदणी सत्तावन्न मिनिटांत संपली. त्यात जगभर चिपांचा तुटवडा. त्यामुळे त्या काळात काही गाड्यांसाठी वर्षभर थांबावं लागलं आणि जुन्या गाड्यांचे भाव वर गेले. बाबांनी ते बघून नुसतं हसून मान हलवली असती.

गेल्या काही वर्षांत थांबण्याला आणखी एक कारण जोडलं गेलं. तारीख. सरकार किंवा कोर्ट एक तारीख ठरवतं आणि त्या तारखेच्या अलीकडची आणि पलीकडची गाडी वेगळी होते. २९ मार्च २०१७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १ एप्रिलपासून बीएस-३ प्रकारची वाहनं विकायची नाहीत. कंपन्यांकडे सव्वाआठ लाख वाहनं पडून होती, त्यांत बहुतेक दुचाकी. मग दोन दिवस जी झुंबड उडाली! हजारो रुपयांची सूट आणि दुकानांबाहेर अक्षरशः रांगा. बीएस-४ साठी ३१ मार्च २०२० ही तारीख मात्र आधीपासून ठरलेली होती, पण तिच्या आठवडाभर आधीच देश टाळेबंदीत गेला. तारखेवर फार भरवसा ठेवू नये, हे तेव्हा कळलं.

सगळ्यात मजा आली ती २०२५ मध्ये. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करण्याची घोषणा झाली. किती आणि कधीपासून ते कुणालाच माहीत नाही. २७ ऑगस्टला गणपती. दरवर्षी गणपतीत गाडी आणणारी मंडळी हात आखडून बसली. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलने आकडे सांगितले. चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक उपकर होता तो १८ टक्के झाला. लागू २२ सप्टेंबरपासून. आता पंचांग काढून बघा. मधला बहुतेक काळ पितृपक्ष आणि २२ ला घटस्थापना! ज्यांना पितरांचं कारण पटत होतं तेही थांबले आणि ज्यांना कराचं पटत होतं तेही. श्रद्धा आणि हिशेब इतके एका सुरात क्वचितच गातात. त्या दिवशी हजारो गाड्या घरी गेल्या. तेव्हा पाच आठवडे थांबलेल्यांचे हजारो रुपये वाचले आणि ते अगदी शहाण्यासारखं वागले.

आता एवढ्या सगळ्यातून मी माझ्यापुरते काही आडाखे बांधलेत.

एक, जाहीर झालेल्या तारखेसाठी थांबावं. कर कमी होणार, नियम बदलणार, आणि तारीख हाताच्या अंतरावर आहे, तर थांबण्यात नुकसान नाही. 'ऐकलंय की होणार आहे' हे मात्र तारखेत धरू नये.

दोन, नवं कोरं मॉडेल आलं तर वर्षभर दुसऱ्यांना चालवू द्यावं. इंडिकाने शिकवलेलं आहे.

तीन, रांग बघून रांगेत उभं राहू नये. उनो आणि नॅनो आठवावी.

चार, 'याहून चांगली येईल' यासाठी थांबू नये. कारण ती येणारच! स्लोनने शंभर वर्षांपूर्वी तशी व्यवस्थाच करून ठेवली आहे. ही रांग अशी आहे की तिच्या टोकाला खिडकीच नाही.

हा चौथा आडाखा वाचून माझा भाचा उसळणार, हे मला माहीत आहे. त्याचं म्हणणं, "मामा, विजेची गाडी घे, पण आत्ता नको, दोन वर्षं थांब." त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. २०१० च्या सुमारास बॅटरीचा दर किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर होता. २०२४ पर्यंत तो सव्वाशेच्याही खाली आला. म्हणजे इथे दर वर्षाला गाडी खरोखर सुधारतेय आणि स्वस्तही होतेय. पेट्रोलचं म्हणाल तर त्यात आता वीस टक्के इथेनॉल आलंय आणि आमच्या २०११ सालच्या गाडीची रचना त्यासाठी केलेली नाही. तिची पंधरा वर्षं भरली की नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर आणि तपासणी हे सगळं आलंच. तरी ती अजून चालते. ढकलली तर दोन वर्षं आरामात ढकलता येईल. कागदावर हिशेब मांडला तर भाचा जिंकतो. मी तो मांडून पाहिलाय.

पण त्या कागदावर एक रकाना नाही. आमची आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे. गुडघे गेलेत. आमच्या गाडीचं सीट खाली आहे, त्यात बसताना आणि विशेषतः उतरताना तिला दोघांनी धरावं लागतं. वाईला मावशीकडे वर्षातून दोनदा तरी जायचं हा तिचा नेम होता. गेल्या वर्षी ती एकदाही गेली नाही. विचारलं तर म्हणते, "कशाला उगीच तुम्हाला त्रास? फोनवर बोलतोच की आम्ही." मावशी तिच्याहून चार वर्षांनी मोठी.

भाच्याची दोन वर्षं आणि आईची दोन वर्षं यांची लांबी सारखी नाही. भाच्यासाठी ती बॅटरीच्या दराच्या आलेखावरची दोन टिंबं आहेत. आईसाठी त्या वाईच्या चार फेऱ्या आहेत, आणि त्यातल्या किती शिल्लक आहेत ते कुणी सांगू शकत नाही. बाबांच्या आठ वर्षांचा हिशेब सरकारने केला होता, परवान्यांच्या फायलींत, आणि त्यात आजोबांचं वय लिहायला जागा नव्हती. बाबांच्या हातात काही नव्हतं. माझ्या हातात आहे. परवानाराज जाऊन आपल्याला काय मिळालं असं कुणी विचारलं तर लोक शंभर मॉडेलांची नावं सांगतील. मला वाटतं, मिळालं ते एवढंच की कोणासाठी थांबायचं आणि कोणासाठी नाही, हे आता आपलं आपल्याला ठरवता येतं. ते ठरवायची पाळी आली की नुसता टक्क्यांचा हिशेब करत बसणं म्हणजे पुन्हा आपणहून रांगेत जाऊन उभं राहणं.

म्हणून ठरलंय. सीट उंचावर असलेली, दार मोठं उघडणारी, तीन-चार वर्षं बाजारात रुळलेली साधी पेट्रोल गाडी घ्यायची. शोरूममध्ये आईला नेऊन तिला स्वतःहून बसता आणि उतरता येतं का, एवढीच परीक्षा. मायलेज, टचस्क्रीन, सनरूफ नंतर बघू. दसऱ्याची वाट बघणार नाही. आईनेच सांगितलंय की गाडी दारात येईल तोच मुहूर्त. विजेची गाडी भाच्याने घ्यावी, दोन वर्षांनी, आणि मला चक्कर मारायला न्यावं. तेव्हा ती नक्कीच आत्तापेक्षा चांगली असेल आणि तो मला टोमणाही मारेल. चालेल.

तुमच्या घरी कोणी नंबर लावून थांबलं होतं का? स्कूटर, फियाट, गॅस, टेलिफोन, काहीही. नंबर लागला तेव्हा घरात कोण होतं आणि कोण नव्हतं? जमलं तर लिहा. ताई, तुझ्या सासऱ्यांची ॲम्बॅसडरची गोष्ट तू सांगशील अशी अपेक्षा आहे.